युरेका : मोका येथील मळेवाल्यांची कोठी

मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुई समुद्रालगत आणि डोंगरांच्या कोंडाळ्यात वसलेली असल्यामुळे उन्हाळ्यात तेथे जीव नकोसा होतो, आणि म्हणूनच ज्यांच्यापाशी द्रव्य होते अशा मंडळींनी एकोणिसाव्या शतकात आपली निवासस्थाने दक्षिणेकडील चढणीवर, मोका नावाच्या थंड व पावसाळी टापूत थाटली. याच टापूत, मोका नदीच्या खोल घळीच्या काठावर, 'युरेका' नावाची पांढरी लाकडी कोठी उभी आहे. तिचे बांधकाम १८३० च्या सुमाराचे. १८५६ साली ती लिलावात निघाली तेव्हा यूजेन लेक्लेझिओ या वकिली करणाऱ्या धनाढ्य मळेवाल्याने ती घेतली, आणि आपली बोली मंजूर झालेली पाहताच तो आर्किमिडीजप्रमाणे 'युरेका!' असे ओरडला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, घर मिळाल्याचा हर्ष ग्रीक भाषेत व्यक्त करणारा गृहस्थ स्वतःच्या थोरवीविषयी फारसा साशंक नसावा.

कोठीला एकंदर १०९ दारे-खिडक्या आहेत. हा आकडा वाटाड्या मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु त्यामागे हौसेपेक्षा हवामानाचा विचार अधिक आहे, कारण डोंगरावरून येणारा वारा या दारांतून शिरून घराच्या दुसऱ्या अंगाने निघून जावा, अशीच तिची रचना आहे. घराभोवती सडपातळ खांबांचा प्रशस्त व्हरांडा असून, आपल्याकडील पडवीप्रमाणे घरातील निम्मा संसार तेथेच होत असावा असे वाटते. आत जुने नकाशे, चिनी मातीची भांडी आणि पूर्वेकडील व्यापारातून जमलेले लाकडी सामान मांडले आहे. मला मात्र या दिवाणखान्यापेक्षा मागचा दगडी मुदपाकखाना अधिक बोलका वाटला. लाकडी घराला आगीचे भय, म्हणून तो मुद्दाम अलग बांधलेला. तेव्हा तेथे शिजलेले प्रत्येक ताट, मोक्याच्या त्या अखंड पावसातसुद्धा, कोणी ना कोणी हातांवर तोलून मधले अंतर ओलांडीत जेवणघरात पोचवीत असले पाहिजे. धन्यांची चित्रे आणि नावे घरात आहेत; त्या हातांचा पत्ता लावायचा, तर अन्यत्र जावे लागते.

हे वैभव उसाचे होते. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकून घेतले, पण तहाच्या कलमांनी फ्रेंच मळेवाल्यांचा कायदा, धर्म, रीतिरिवाज आणि मालमत्ता अबाधित राखली. पुढे १८२५ साली येथील साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली, तेव्हा जिकडे तिकडे ऊस उभा राहिला. कोठी बांधली गेली तो काळ गुलामगिरीचा होय. १ फेब्रुवारी १८३५ रोजी ती कायद्याने संपुष्टात आली, आणि सरकारने नुकसानभरपाई म्हणून सुमारे २० लाख पौंड दिले ते गुलामांना नव्हे, तर त्यांच्या मालकांना! तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलस' जहाजातून हिंदी मजुरांची तुकडी पोर्ट लुईस उतरली होती. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारनाम्यावर आणली गेली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये मुशाहिरा आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ. वर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याचा शिरस्ता. या लोकांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी कोकणातील जाखडी 'झाकरी' या नावाने आजतागायत जिवंत ठेवली असून गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे.

लेक्लेझिओ घराण्याची कथा मात्र वैभवापाशी थांबत नाही. ब्रिटनी प्रांतातून अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या या कुळाच्या एका शाखेला पुढे युरेका सोडावी लागली. त्या शाखेतील लेओं नावाचे गृहस्थ रॉड्रिग्ज बेटावर चाच्यांनी पुरलेल्या धनाचा शोध घेत राहिले. त्यांचा नातू म्हणजे २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच कादंबरीकार जाँ-मारी ग्युस्ताव्ह लेक्लेझिओ. हरवलेले घर आणि आजोबांची ती विलक्षण धनशोधाची खटपट यांतून त्यांची १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ल शेर्शर द'ऑर' ही कादंबरी उभी राहिली. आज कोठी संग्रहालय झाली असून तिच्यात प्रवाशांना क्रेओल पद्धतीचे भोजन मिळते; भोजनोत्तर बहुतेक जण घळीतील धबधबे पाहून परततात.

त्यांनी इतक्यात परतू नये. याच मोका गावात १९७० साली स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था असून तिच्या दप्तरखान्यात करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरील खुणा लिहिलेल्या असून, पुढील काळातील नोंदींसोबत छायाचित्रेही आहेत. नावे परकी कारकुनांनी कानास लागतील तशी लिहिली, आणि तीच पुढील पिढ्यांची आडनावे होऊन बसली. कोठीतील तसबिरींनी जे सांगितले नाही ते या वह्या नीट सांगतात, म्हणून युरेका पाहावयास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने दुपारचा वेळ या संस्थेसाठी राखून ठेवावा. पूर्वजांच्या नोंदीचा दाखला वंशजांना तेथे रीतसर अर्ज करून मिळतो.