तलावाच्या तळाशी राहणाऱ्यांसाठी

आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार सुमारे १० मीटर खोल पाण्याएवढा आहे. भंडारा हा मामा तलावांचा जिल्हा. तेव्हा असं समजा, की आपण सगळे एका भरलेल्या तलावाच्या तळाशी राहतो. ताऱ्यांचा उजेड तळापर्यंत पोचतो, गॅमा किरण मात्र वरच्या वर जिरतात. म्हणून तर आपण सुखरूप आहोत. पण विश्वातले सर्वांत जोरदार स्फोट पाहायचे, तर दुर्बीण या पाण्याबाहेर न्यावी लागते.

महाकाय तारा स्वतःच्याच भाराने कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा झोत सुटतो. बहुतेकदा काही सेकंद, कधी काही मिनिटं. असा पहिला झोत १९६७ मध्ये टिपला तो अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी. त्यांना खरं तर चोरट्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला पाठवलं होतं.

स्फोट कधी होईल, आकाशात कुठे होईल, हे आधी कळत नाही. इथेच भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची कमाल आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलं आणि त्याची माहिती येते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत. हाताच्या तळव्यात मावतील अशा, किरण टिपणाऱ्या ६४ चौकोनी चकत्या, त्यांवर मिळून १६,३८४ बारीक घरं. ६ ऑक्टोबरला, आपल्याकडे धान निसवलेलं असतं त्या दिवसांत, उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी एक स्फोट सापडला! दुर्बिणीचं तोंड भलतीकडेच होतं. किरण सुमारे ६० अंश बाजूने, उपकरणाच्या भिंतीतून आरपार आले. जोरकस किरणांना त्या भिंती अडवतच नाहीत. त्यामुळे हे उपकरण जिकडे पाहत नाही, तिकडचंही त्याला दिसतं.

टिपलेल्या किरणांची मोजदाद संगणकावर दिसते ती एक आडवी, थरथरती रेघ. मध्येच एक उंच सुळका, तोच स्फोट. मग पुन्हा थरथर. असे ६०० सुळके २०२३ पर्यंत सापडले.

काही झोत किती लांबून येतात? २००९ मध्ये स्विफ्ट उपग्रहाने टिपलेला एक झोत सुमारे १,३०० कोटी वर्षं वाटेत होता. तो निघाला तेव्हा पृथ्वीच नव्हती.

ॲस्ट्रोसॅटची माहिती २०१८ पासून सर्वांना खुली आहे. तुमसर, पवनी, साकोलीत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, ती एकदा उघडा आणि तो सुळका स्वतः शोधून पाहा.