घरच्या संगणकाला संरक्षण किती?

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमसारख्या शहरात बँक, वीजबिल, कराचं विवरणपत्र, सगळं घरच्या संगणकावर उरकता येतं. तेव्हा स्पायवेअरची भीती रास्तच. पण म्हणून दोन-तीन अँटिव्हायरस बसवणं चूक आहे. उघडणारी प्रत्येक फाइल तपासायची तर अशा सॉफ्टवेअरला संगणकात फार वरचे अधिकार लागतात. एकाच फाइलवर दोघांनी झडप घातली की यंत्र मंदावतं, कधी अडकतं. शिवाय ज्याला हे अधिकार द्यायचे, त्याच्यावर विश्वासही तेवढाच हवा. जर्मनीच्या बीएसआय या सायबर सुरक्षा कार्यालयाने रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर, १५ मार्च २०२२ रोजी, कॅस्परस्की या रशियन कंपनीचं अँटिव्हायरस बदलण्याचा सल्ला दिला, तो याच विचाराने. निर्णय राजकीय असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं.

फुकटचं ते कच्चं, असा आक्षेप हमखास येतो. पण विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हे अँटिव्हायरस मुळातच असतं, आणि घरगुती वापराला ते पुरतं. पैसे मोजून बहुधा व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणं अशी जोड मिळते. खरी फट वेगळीच: पार्सल अडकल्याचा बनावट मेल, त्यातली झिप फाइल आणि अ‍ॅडमिन खात्यातून घाईने दाबलेलं ‘होय’. रोजच्या वापरासाठी साधं खातं ठेवलं, तर अशा वेळी संगणक अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. तेवढ्या थांब्याने बरंच टळतं. अपडेट थांबलेल्या यंत्राला मात्र कोणतंही अँटिव्हायरस पुरेसं नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा संगणक अजून त्यावरच असेल, तर आधी अपडेट मिळत राहतील अशी सोय करा.