झिरकोनियाची कॅप : आधी खडू, मग दगड

दाताला बसवायची झिरकोनियाची कॅप भट्टीत जाण्याआधी हातात घेतलीत तर फसाल. पांढरीफटक, खडूसारखी भुसभुशीत, सहज ओरखडा उठेल अशी. आणि आकाराने चक्क मोठी! कारण साधारण १५०० अंश सेल्सिअसला भाजताना ती प्रत्येक दिशेने सुमारे २० टक्के आकसते. ते गणित आधीच करून संगणकावर चालणारं मशीन ठोकळ्यातून मोठी कॅप कोरतं.

पण खरी गंमत पुढे आहे. झिरकोनियात, म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडमध्ये, थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळतात. त्यामुळे भट्टीतल्या उष्णतेत तयार झालेली स्फटिकरचना थंड झाल्यावरही तशीच अडकून राहते. चावताना बारीक तडा जाऊ लागला, की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. १९७५ मध्ये 'नेचर'मधल्या निबंधाने झिरकोनियाला 'सिरॅमिक पोलाद?' म्हटलं होतं, प्रश्नचिन्हासकट.

एवढा ताकदवान पदार्थ, पण जुन्या पोर्सिलेनमधली काचेसारखी पारदर्शक झाक त्यात कमीच. यट्रियम ऑक्साइड वाढवलं की झाक येते, ताकद घटते. म्हणून दाढेला एक प्रकार, समोरच्या दाताला दुसरा. मला तर समोर अजून काचेच्या जातीचं सिरॅमिकच आवडतं.