बाई, एक जण कमी!

मुलांनो, सहलीचं पत्रक तुम्ही पाहिलं असेलच. आमच्याही पत्रकात होतं : सकाळी सातला निघणे, शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, संध्याकाळी सातला परत. पत्रक मीच लिहिलं होतं, म्हणून आधीच कबूल करते, त्यातली एकही वेळ खरी ठरली नाही.

आमची शाळा आंबेगाव तालुक्यातली. ४४ मुलं, तीन शिक्षक आणि प्रासंगिक कराराची एस.टी. गाडी आली नऊला. घोडेगाव सोडलं नाही तोच दोघांना उलट्या. मग चाक पंक्चर! शिवनेरीला खालूनच हात जोडले.

लेण्याद्रीच्या पावणेतीनशेहून जास्त पायऱ्या चढताना माकडांनी डब्यांची एक पिशवीच पळवली. कुणी रडतंय, कुणी माकडामागे धावतंय! वर गणपतीचं दर्शन झालं. ते देऊळ म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढं मोठं दालन, पण मध्ये एकही खांब नाही, हे मुलांनीच मला दाखवलं. शेजारचं चैत्यगृह कल्याणच्या एका माणसाचं दान आहे, असं तिथल्या शिलालेखात आहे. जुन्नरच्या लेण्यांना यवनांनीही, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांनी, दानं दिली आहेत.

“म्हणजे तेपण सहलीला आले होते?” एकीनं विचारलं.

सहलीला कुठले, व्यापाराला! कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून जुन्नरला यायचा. तो घाट म्हणजेच नाणेघाट.

तिथं पोहोचायला साडेचार झाले. वारा असा की टोप्या उडाल्या. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण पाहायला सगळे एकदम धावले. मी मुलं मोजली. त्रेचाळीस! पुन्हा मोजली. त्रेचाळीसच. घाटमाथ्यावर कडा सरळ खाली कोकणात तुटतो, बरं का. माझे पाय लटपटू लागले. लेण्याद्रीहून निघताना गडबडीत मी मोजलंच नव्हतं. पोरगं तिकडेच राहिलं, की इथं कड्यावर गेलं?

हाका मारत घाटाच्या नळीतून खाली उतरलो, तर हे महाशय गुहेत! सातवीतला मुलगा, हातात कंपासपेटीतलं करकटक, नि भिंतीवर एक ताजी रेघ. (नाव विचारू नका, त्याला शब्द दिलाय.)

मी ओरडले. तो खाली मान घालून म्हणाला, “पण बाई, राणीनं लिहिलेलं चालतं, मग माझं नाव का नाही?”

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत काय काय दान दिलं, त्याचा तो हिशेब. १७०० गायी, १० हत्ती असे आकडे त्यात आहेत. तेव्हा शून्य लिहीत नसत. दहा, शंभर, हजार यांची चिन्हंच वेगळी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते गेले, उरल्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं.

मी विजेरी लावली. ओळीत मध्येच अक्षरं झिजून गेलेली. “इथं काय लिहिलंय, सांग.”

“दिसत नाही.”

“मोठमोठ्या पंडितांनाही नाही वाचता आलं. तुझी रेघ अशीच एखाद्या अक्षरावरून गेली असती तर?”

तो काही बोलला नाही. मग बोट हवेतच ठेवून म्हणाला, “बाई, हे अधिकचं चिन्ह इथं कशाला?”

तो ब्राह्मीतला ‘क’! एवढ्यात बाकीची पलटण गुहेत घुसली आणि वह्या निघाल्या. परतताना गाडीतल्या अंधारात ४४ जण (हो, या वेळी तीनदा मोजले!) आपापली नावं ब्राह्मीत लिहायला मागत होते. मला सगळी अक्षरं कुठं येतात? आठवली तेवढी सांगितली, राहिलेली दुसऱ्या दिवशी पुस्तकातून फळ्यावर काढून दिली. ती रेघ मात्र तिथंच आहे.

गावात पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. पालक स्टँडवर ताटकळत उभे. आता बोलणी बसणार, म्हणून मी सगळ्यांत शेवटी उतरले. एक आई पुढं आली, मुलाकडं पाहिलं आणि मला विचारलं, “बाई, याचा डबा कुठाय?”