ज्यूरी निवड (महाराष्ट्र)

ज्यूरी निवड म्हणजे फौजदारी खटल्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वी, न्यायालयाने बोलावलेल्या नागरिकांमधून निःपक्षपाती व पात्र व्यक्ती ठेवून इतरांना वगळण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ती आज फौजदारी न्यायालयांत अस्तित्वात नाही. वसई-विरार परिसरातील खुनाचा खटलाही सत्र न्यायाधीशासमोरच चालतो व निर्णय तोच देतो. पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारे पंच हे ज्यूरी नव्हेत. ते साक्षीदार असतात. दोन्हींसाठी मराठीत ‘पंच’ हा शब्द वापरला गेल्याने अनेकदा गोंधळ होतो.

यादी आणि हरकती

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार २१ ते ६० वर्षे वयाचे स्थानिक रहिवासी पुरुष ज्यूरीच्या कामास पात्र समजले जात. न्यायाधीश, पोलीस, प्रत्यक्ष धर्मकार्य करणारे पुरोहित व धर्मगुरू, तसेच वैद्यकीय व्यवसाय करणारे यांना सूट असे. यादीतील ज्या व्यक्तींना समन्स पाठवले जाई, त्यांतून खटल्याच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून नावे काढली जात.

प्रत्येक नाव मोठ्याने पुकारले जाई आणि ती व्यक्ती पुढे आल्यावर, तिच्याबाबत हरकत आहे काय, असे आरोपीला विचारले जाई. सरकारी पक्षालाही हरकत घेता येई. प्रत्यक्ष किंवा संभाव्य पक्षपात, पोलीस खात्याशी संबंध, पूर्वीची दोषसिद्धी, न्यायालयातील नोकरी, साक्षीची भाषा न समजणे ही हरकतीची मान्य कारणे होती. सवयीने अथवा धार्मिक व्रतामुळे संसाराच्या व्यवहारातून निवृत्त झालेल्या माणसालाही वगळता येई. हरकतीवर न्यायाधीशाचा निर्णय अंतिम असे. अमेरिकेत वकील ज्यूरी सदस्यांना त्यांची मते व पूर्वग्रह यांविषयी सविस्तर प्रश्न विचारतात. भारतीय संहितेत अशा प्रश्नोत्तरांचा स्वतंत्र टप्पा नव्हता, त्यामुळे पक्षपाताचे कारण मांडायचे तर त्याची माहिती आरोपीला आधीच असावी लागे.

मुंबई आणि वसई

उच्च न्यायालयात ज्यूरी नऊ जणांची असे आणि कारण न सांगता आठ सदस्य नाकारण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना होता. ही सवलत सत्र न्यायालयात नव्हती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण होईपर्यंत वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी अधिकारक्षेत्राबाहेर होता. वसईतील आरोपीचा खटला सत्र न्यायालयात चाले. तेथे प्रत्येक हरकतीचे कारण द्यावे लागे. जेथे सरकारने ज्यूरी लागू केलेली नसे, तेथे न्यायाधीशासोबत असेसर बसत, परंतु त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने संपली. थोडक्यात, खाडीच्या कोणत्या बाजूला गुन्हा घडला यावरही आरोपीचे अधिकार ठरत.

टिळक खटला

निवडीचे महत्त्व १९०८ मध्ये बाळ गंगाधर टिळक यांच्या राजद्रोहाच्या खटल्यात सर्वांत ठळकपणे दिसले. सरकारने विशेष ज्यूरीची मागणी केली. या ज्यूरीची यादी मालमत्ता, चारित्र्य व शिक्षण पाहून केली जात असल्याने तीत युरोपियनांचे प्राबल्य असे. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. ‘केसरी’तील आक्षेपार्ह ठरवलेले लेख मराठीत असताना ते मराठी न जाणणाऱ्यांपुढे मांडले जातील, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता.

भाषेची हरकत येथे उपयोगी पडणारी नव्हती, कारण भाषांतराची भाषा समजणारा सदस्य कायद्याने पात्रच ठरे. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली.

नानावटी खटला आणि अखेर

१९५९ च्या नानावटी खटल्यात अडचण वेगळीच होती. आरोपी नौदल अधिकारी होता आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्याची बाजू उघडपणे उचलून धरली होती. निवडीच्या वेळी हरकत घेता येत असली, तरी खटला चालू असताना घरी जाणारे सदस्य काय वाचतात यावर या चाळणीचा ताबा नव्हता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी असहमती दर्शवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय फिरवला, तो ज्यूरीच्या निवडीतील दोषामुळे नव्हे. न्यायाधीशाने ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात गंभीर चुका आढळल्या होत्या. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली.

या खटल्यामुळेच ज्यूरी बंद झाली, ही समजूत अपुरी आहे. विधी आयोगाने १९५८ मधील चौदाव्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ज्यूरीची तरतूद उरली नाही.

मुंबईतील पारशी वैवाहिक न्यायालयात मात्र प्रतिनिधींच्या रूपाने या पद्धतीचा अंश टिकून आहे. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यानुसार दाव्यातील प्रत्येक पक्ष कारण न देता दोन प्रतिनिधींना नाकारू शकतो.