आणा सुटतो, पै अडकते

१९५७ साली रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाला १६ आणे, आण्याला १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आता भागून पाहा. एक आणा म्हणजे १/१६ रुपया = ०.०६२५, भागाकार तिथेच संपतो. एक पै, १/१९२ = ०.००५२०८३३३…, हे ३ काही थांबत नाहीत. दोन्ही परिमेय संख्याच, मग फरक कशाने?

आपले दशांश १० वर उभे, आणि १० चे मूळ अवयव फक्त २ आणि ५. सोळात नुसते २ आहेत. १९२ मध्ये सहा वेळा २ आणि एकदा ३. तो एकटा ३ पुरतो! छेदात २ आणि ५ सोडून तिसरा कुणी मूळ अवयव शिरला, की दशांश आवर्ती होणारच.

मात्र आधी अपूर्णांक संक्षिप्त करा. जुना पैसा ३ पैंचा. ३/१९२ = १/६४ = ०.०१५६२५, नेमका.