आवरलेली भीती आणि न उठलेली भीती

सायकोपॅथी हा व्यक्तिमत्त्वातील काही लक्षणांचा समूह आहे: वरवरचे गोड बोलणे, सराईत खोटेपणा, दुसऱ्याच्या दुःखाची बेपर्वाई, पश्चात्तापाचा अभाव, उतावळी आणि बेजबाबदार वागणूक. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या पुस्तकात अशा माणसांचे तपशीलवार वर्णन केले. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी २० मुद्द्यांची तपासणीसूची तयार केली. प्रत्येक मुद्द्याला ० ते २ असे एकूण ४० गुण असतात आणि उत्तर अमेरिकेत सहसा ३० ही सीमारेषा मानतात.

अशी माणसे धोक्यासमोरही शांत दिसतात. ही शांतता भावना आवरल्यामुळे येते, की भावना मुळात उठतच नाही? खोटे बोलण्यात तरबेज असलेल्यांच्या तोंडी उत्तरावर विसंबून चालत नाही. म्हणून संशोधक शरीराकडे वळले. तळहाताच्या घामग्रंथी स्वायत्त मज्जासंस्थेच्या अनुकंपी शाखेच्या हुकमतीत असतात. मन धास्तावले की घाम वाढतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. हा फरक यंत्रावर मोजता येतो.

१९५७ मध्ये डेव्हिड लिकेन यांनी सहभागींना कळा दाबून वाट शोधण्याचे कोडे घातले. काही चुकीच्या कळांना विजेचा सौम्य झटका जोडलेला होता. सायकोपॅथिक व्यक्ती बरोबर वाट इतरांइतकीच शिकल्या, मात्र झटक्याच्या कळा टाळायला तेवढ्या शिकल्या नाहीत. १९६५ मध्ये हेअर यांनी १ ते १२ आकडे क्रमाने दाखवले आणि ८ या आकड्याला झटका बसेल असे आधीच सांगितले. इतरांच्या त्वचेची वाहकता ८ जवळ येऊ लागला तशी चढत गेली. सायकोपॅथिक कैद्यांत ही चढण उशिरा आली आणि कमी राहिली.

ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दचकण्याचा अभ्यास केला. कानावर अचानक मोठा आवाज पडला की पापणी मिटते. डोळ्याखाली बसवलेले इलेक्ट्रोड या मिटण्याचा जोर टिपतात. एरवी भयानक चित्र पाहताना माणूस जास्त दचकतो आणि सुखद चित्र पाहताना कमी. सायकोपॅथिक गुन्हेगारांत भयानक चित्रांनी पापणीचा जोर वाढला नाही. गंमत म्हणजे ही चित्रे अप्रिय असल्याचे त्यांनी इतरांप्रमाणेच सांगितले होते. अर्थ कळत होता, अंग मात्र दाद देत नव्हते.

भावना दाबणाऱ्यांचे शरीर वेगळे बोलते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या १९९३ च्या प्रयोगात किळसवाणी चित्रफीत पाहताना चेहरा कोरा ठेवायला सांगितलेल्यांच्या त्वचेची वाहकता उलट वाढली. चेहरा आवरला तरी घाम आवरला नाही. सायकोपॅथीत त्वचाही शांत राहते. त्यामुळे तिथे आवर घालण्यापेक्षा प्रतिक्रियाच क्षीण असल्याची शक्यता अधिक दिसते.

हृदयाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. मायकेल लॉर्बर यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. विश्रांतीतील मंद नाडीचा संबंध आक्रमकतेशी आढळला, सायकोपॅथीशी नाही. त्वचेची कमी वाहकता मात्र सायकोपॅथीशी जुळली. लक्षणांचे गटही सारखे नसतात. भावनाशून्यता आणि निर्भयता ठळक असलेल्यांत दचकण्यातील उणीव स्पष्ट दिसते. उतावळेपणा आणि चिडखोरपणा प्रबळ असलेल्यांत चिंता व राग पुष्कळ असतात आणि त्यांना खरी अडचण येते ती ताबा ठेवण्यात. व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाच्या ठोक्यांतील अंतर कमी-जास्त होते. भावनिक नियमनाची खूण मानल्या जाणाऱ्या या चढउताराबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत.

दचकण्यातील ही उणीव कायमची ठाशीव आहे असेही नाही. २०१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोसेफ न्यूमन आणि सहकाऱ्यांनी सायकोपॅथिक कैद्यांना झटक्याची सूचना देणाऱ्या खुणेवरच लक्ष द्यायला लावले. तेव्हा त्यांचे दचकणे इतरांसारखेच वाढले. लक्ष दुसऱ्या कामात गुंतले की उणीव पुन्हा दिसू लागली. म्हणजे हातातल्या उद्दिष्टापलीकडचा धोका त्यांच्या ध्यानातच येत नसावा. अशा व्यक्तींचे लक्ष आजूबाजूच्या खुणांकडे वळवण्याच्या प्रशिक्षणाचे प्रयोग याच विचारातून सुरू झाले.

हे सारे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. कोरडा तळहात किंवा संथ नाडी पाहून कोणालाही सायकोपॅथ ठरवता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाची सविस्तर मुलाखत आणि पूर्वायुष्याच्या नोंदींची तपासणी लागते.